रास्पबेरीची रांग

सिल्वी राउतिओ आणि वेस्ली ट्रेगिअर यांच्या अंगणांमध्ये कुंपण नव्हतं, पण हद्द कुठून जाते ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ऑक्टोबरात तर ती उघड दिसायची. अलीकडे सिल्वीचं गवत, एक पान सापडणार नाही असं झाडलेलं. पलीकडे वेस्लीच्या मेपलचा पाला, घोटा बुडेल एवढा. वारा सरोवराकडून आला की तो पाला अलीकडे यायचा. मग सिल्वी दाताळं घेऊन बाहेर यायची, सगळा गोळा करायची आणि हद्दीपलीकडे लोटून द्यायची. वेस्ली खिडकीतून बघत असायचा. तो बघतोय हे तिला कळावं म्हणून तो पडदाही सारत नसे.

सिल्वीचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. तिच्या धाकाने गावातल्या दोन पिढ्यांनी ताटातलं गाजर संपवलं. मऊ बोलणं तिला जमत नसे, आणि जमत नाही याची खंतही नव्हती. नवरा रेइनो नेमका उलटा. लाकडाच्या गिरणीत जन्म काढलेला, पण कुणाशी मान वर करून बोलला नाही. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून वेस्लीबरोबर मासे धरत बसायचा, आणि दोघं दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलायचे.

हद्दीवर तेव्हा रास्पबेरीची दाट रांग होती. रेइनोच्या आईने माहेराहून आणलेल्या मुळ्यांची. रेइनो दर शरद ऋतूत म्हातारे दांडे छाटायचा, नवे बांधून ठेवायचा, बुंध्याशी पाला घालायचा. रास्पबेरीची एक खोड असते, तिचे फुटवे जमिनीखालून कुठेही निघतात. ते वेस्लीच्या गवतात निघायला लागले. वेस्ली कुरकुरायचा, रेइनो हसून ते उपटायचा. मग रेइनो आजारी पडला. त्या सप्टेंबरात फुटवे उपटायला कुणी गेलं नाही, आणि वेस्लीने त्यांच्यावर तणनाशक मारलं. थंडीच्या तोंडावर झाड सगळा जीव मुळाकडे ओढतं. विषही तसंच ओढलं गेलं, मुळामुळांतून अख्ख्या रांगेत. वसंतात सगळीकडे पालवी आली, रास्पबेरीला एक डोळा फुटला नाही.

सिल्वीने वेस्लीला दारात गाठलं. तो म्हणाला, "माझ्या गवतात शिरलेलं तण मी मारलं. माझी जमीन आहे. एवढं काय, झुडूपच तर होतं."

घरात खिडकीपाशी रेइनो पांघरुणात बसलेला. त्याने विचारलं, "रांग का गं फुटली नाही?"

"थंडीने मेली," सिल्वी म्हणाली. मित्राने असं केलं हे मनात घेऊन त्याने मरू नये, एवढंच तिच्या मनात होतं. रेइनो "हं" म्हणाला. उन्हाळा सरायच्या आत तो गेला.

त्यानंतर सिल्वी आणि वेस्ली यांच्यात बोलणं उरलं नाही. दाताळं आणि पाला, एवढाच व्यवहार चालू राहिला. बरीच वर्षं अशी गेली.

त्या वर्षी पहिलं कडक हिंव पडलं आणि डेलियाची झाडं एका रात्रीत काळी पडली. सिल्वी कंद काढायला बसली होती. हात मनगटापर्यंत गार मातीत. शेजारी वेस्ली शिडीवर चढून पन्हळीतला कुजका पाला उपसत होता, आणि मूठ मूठ भरून मुद्दाम तिच्या बाजूला फेकत होता. शिडी ओल्या पानांवर उभी केलेली. सिल्वीला ते दिसत होतं. 'माझं काय जातंय,' असं ती मनात म्हणाली आणि खुरपं चालवत राहिली.

मग शिडी सरकली. आवाज तिने पाठमोरी ऐकला. पाय शिडीच्या पायऱ्यांत अडकून वेस्ली जमिनीवर पडला होता, अर्धा त्याच्या हद्दीत, अर्धा तिच्या.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"हलतोय कोण? कंबर मोडली माझी, बाई!"

तिने आत जाऊन फोन केला. रुग्णवाहिका शेजारच्या गावातून यायची होती. थंडीसाठी गुलाबांना गुंडाळायला काढलेलं गोणपाट तिने उचललं, त्याच्या अंगावर टाकलं, आणि ती त्याच्याजवळ उभी राहिली. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिच्यासमोरून उठून जाऊ शकत नव्हता.

"आता ऐकायचं," सिल्वी म्हणाली.

"देवा, हिला कुणीतरी आत न्या रे."

"माझा नवरा त्या खिडकीत बसून मेला. रोज त्या वाळल्या दांड्यांकडे बघत. मला त्याच्याशी खोटं बोलावं लागलं. त्याच्या आईची झाडं तू मारलीस हे मी त्याला कळू दिलं नाही. तुझ्यावर दया आली म्हणून नव्हे, मेल्या. त्याला तू मित्र वाटत होतास म्हणून."

वेस्लीने डोळे मिटले. ओठ पांढरे पडले होते. मग म्हणाला, "त्याला माहीत होतं."

"काय?"

"मीच सांगितलं. तू दारात येऊन ओरडलीस ना, त्याच आठवड्यात. तू दुकानात गेली होतीस. मी त्याच्यापाशी बसलो आणि सांगून टाकलं."

"खोटारडा."

"म्हणाला, 'सिल्वी मला थंडीचं सांगते, मी हो म्हणतो. तिला त्यात बरं वाटतंय, वाटू दे.' मला शपथ घातली, तुला सांगायचं नाही."

सिल्वीच्या हातावरची माती वाळायला लागली होती. ती बोटांनी खरवडत राहिली. "हसला का तो?" तिने विचारलं.

वेस्ली म्हणाला, "थोडा."

"आणि तू?"

"मीही."

तिचा हात गोणपाटाच्या टोकापर्यंत गेला. ते ओढून घ्यावं आणि याला असाच गारठ्यात ठेवावा, असं तिला स्वच्छ वाटलं. तेवढ्यात रुग्णवाहिका वळणावर आली. खाली उतरलेला डॅरल शाळेत तिच्या हातचं जेवलेला. त्याने विचारलं, "मिसेस राउतिओ, तुम्ही ठीक आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? त्याला उचल."

ती पुन्हा डेलियाकडे गेली. पण खुरपं कंदांमधून जायला लागलं. दोन चांगले कंद तिने चिरून टाकले, तेव्हा कुठे थांबली.

दवाखान्यातून वेस्लीने गावभर केलं, की आपण मरणाच्या दारात होतो आणि सिल्वी उभी राहून प्रवचन झोडत होती. दुकानात बाया तिच्याकडे बघून बोलायच्या थांबत. एकीने विचारलंच, "खरं का हो ते?"

"खरं आहे. फोन आधी केला, हे सांगितलं का त्याने?"

"नाही बाई."

"मग सांगा सगळ्यांना. आणि ते पीठ द्या इकडे."

पुढच्या आठवड्यात वेस्लीची मुलगी नॅन आली. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली रास्पबेरीची रोपं. "बाबांनी पाठवलीत. आत्ता लावली तर धरतील म्हणाले. मिसेस राउतिओ, ते माफी मागणाऱ्यांतले नाहीत, तुम्हाला माहीत आहे. पण..."

"परत ने."

"अहो, रोपांनी काय केलंय?"

"काही नाही. म्हणून तर म्हणते, परत ने. इथे मी त्यांना पाणी घालणार नाही."

नॅनने ती नेली. वेस्ली घरी आला तो चालायच्या आधाराची चाकांची चौकट धरून. एका सकाळी तो हद्दीपर्यंत आला, धापा टाकत.

"दुष्ट आहेस तू," तो म्हणाला.

"आहे."

"तुझ्या नवऱ्याने तुला दुखवायचं नाही म्हणून तोंड बंद ठेवलं."

"मीही त्याला दुखवायचं नाही म्हणून बंद ठेवलं. आणि तुम्ही दोघं माझ्यावर हसलात. चल, सरक. तुझ्या चाकाखाली माझं गवत आहे."

तो सरकला. एक वीतभर, जास्त नाही.

दर शरद ऋतूत, जमीन गोठायच्या आत, सिल्वी रेइनोच्या थडग्यावर स्प्रूसच्या हिरव्या फांद्या पसरायची. हिवाळ्यात थडगं उघडं राहू नये, ही तिच्या लोकांची रीत. त्या वर्षी पाद्र्याने 'थडगं झाकलं का' म्हणून दोनदा विचारलं, तेव्हा ती फांद्या बांधून निघाली. दफनभूमीत एक बाई शेजारच्या थडग्याशी दिवा लावत होती. सिल्वी दगडासमोर उभी राहिली.

"माझं खोटं तू ओळखलंस, हे त्याला सांगितलंस," ती मोठ्याने म्हणाली. "मला नाही सांगितलंस. रोज सकाळी मी ती खिडकी पुसत होते, तुला नीट दिसावं म्हणून. आणि तू माझ्याकडून खोटं बोलवून घेत होतास. मजा आली ना? ये ना आता. बस इथे आणि माझ्या तोंडावर हस."

शेजारची बाई दिवा तसाच टाकून लांबच्या ओळीकडे गेली.

सिल्वी आणखीही बोलली. सगळं बोलून झाल्यावर ती थांबली, नाक पुसलं, आणि फांद्यांची मोळी पुन्हा काखेत मारली. त्या तिने घरी आणल्या आणि गुलाबांवर अंथरल्या. बर्फ पडायला लागलं तेव्हा तिचं हातातलं काम संपलेलं होतं.