पिशवीवरचं नाव

महाडच्या बाजारपेठेत अब्बास धनसेला ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. सापडलाच असता, तर अब्बासने त्याला दुकानात बसवून, चहा पाजून स्वतःची ओळख करून दिली असती. नावाची हौस कोणाला नसते? पण अब्बासची हौस जरा जास्तच होती.

कुवेतला लढाई पेटली तेव्हा तिथली नोकरी सोडून तो हात हलवत घरी परतला. बरोबर आणलं ते एवढंच, तिकडच्या दुकानांतल्या गुळगुळीत पिशव्यांचं वेड. त्या काळी महाडचा वाणी साखर कागदात बांधायचा आणि वर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून पुडीला वेढे द्यायचा. मटण सागाच्या पानात मिळायचं. घरून पिशवी न घेता बाजारात आलेल्या माणसाला लोक वेंधळा म्हणत. अब्बासने मुंबईहून प्लास्टिकच्या पिशव्यांचे गठ्ठे आणायला सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत अख्ख्या गावाला हात हलवत बाजारात यायची सवय लावली.

पिशव्या विकणारे पुढे आणखीही निघाले. पण ते कोऱ्या पिशव्या विकत. अब्बासने छपाईची लाकडी चौकट घेतली, काळा रंग आणला, आणि प्रत्येक पिशवीवर ठसठशीत छापलं, ‘धनसे, महाड’.

“पिशवीवर नाव कशाला?” त्याची बायको हफिजा तेव्हाच म्हणाली होती. “लोकं वापरतात नि टाकून देतात.”

“टाकतील तिथं वाचतील गो!”

आणि खरंच, नाव लांब गेलं. कशेडीच्या चढाला थांबलेल्या ट्रकवाल्यांच्या हातात गेलं, पोलादपूरच्या बाजारात गेलं. एकदा महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटात करवंदीच्या जाळीत एक पिशवी अडकून फडफडत होती. अब्बासने एसटीच्या खिडकीतून हफिजाला ती दाखवली. “बघ, हितं पन आपलं नाव!” त्याच्या मागच्या बाकावरच्या माणसालाही दाखवली. त्या दिवशी त्याला महाबळेश्वर कसं दिसलं ते विचारू नका, त्याने पाहिलंच नसावं.

मग दोन हजार पाचचा जुलै आला. सावित्री बाजारात शिरली, माळ्यापर्यंत चढली. आसपासच्या गावांवर दरडी कोसळल्या, माणसं गेली. पाणी उतरल्यावर गाव चिखल उपसायला लागलं, तेव्हा गटारं तुंबलेली निघाली. फावडं मारलं की काळ्या गाळात पिशव्यांचा गोळा. त्यात सगळ्यांच्याच पिशव्या होत्या. पण कोऱ्या पिशवीला कोण ओळखणार? दर गोळ्यातून वाचता येत होतं ते एकच, ‘धनसे, महाड’.

असल्या पावसात गटारं धुतल्या तांदळासारखी स्वच्छ असती तरी पाणी आलंच असतं. पण एवढ्या दुःखात कोणाला तरी बोल लावल्याशिवाय माणसाला राहवत नाही, आणि इथे तर नाव-गाव छापूनच ठेवलं होतं. पोलादपूरकडून भाजी घेऊन येणारी म्हातारी येसूबाई कोपऱ्यावर बसायची. ती भर बाजारात म्हणाली, “अब्बास रे, तुजं नाव गटारात बसलाय. काढ की भायेर!”

लोक हसले. पुरानंतर महाडात लोक पहिल्यांदा हसले ते अब्बासवर. ते त्याच्या काळजाला लागलं.

त्यात सरकारने कायदा केला. पन्नास मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या सगळ्या राज्यात बंद. मायक्रॉन म्हणजे पिशवीच्या जाडीचं माप, आणि अब्बासचा सगळा माल पातळच. “पाऊस सरकारला आवरत नाय, म्हनून पिशवी आवरतात!” असं तो दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. ऐकणारे मान डोलवायचे आणि पुढे जायचे. दुकानात विकायला काही उरलं नव्हतं.

चूल मात्र पेटायला हवी होती. हफिजाने माहेरचं शिलाई मशीन काढलं. कापड दुकानदारांनी पुरात भिजलेले तागे रस्त्यावर टाकले होते, ते तिने उचलून आणले, सोडा घालून पुन्हा पुन्हा धुतले. चिखलाच्या पाण्याची पिवळट रेघ काही जाईना. तिने ती रेघ पिशवीच्या तळाला येईल असं कापड बेतलं आणि दुहेरी शिवण घातली. पहिली पिशवी येसूबाईने नेली, बाकीच्या अब्बासच्या रिकाम्या दुकानात टांगल्या. दोन पावसाळे झाले नाहीत तोच बाजारात ‘हफिजाभाभींची पिशवी’ हा शब्दच होऊन बसला. शाळेतल्या बाई तीच मागायच्या, किराणावाले तीच मागायचे. एके दिवशी नवा पोस्टमन दारात उभ्या अब्बासला विचारतो, “हफिजाभाभींचं घर हेच ना?”

अब्बासच्या अंगाचा तिळपापड झाला. जुम्म्याच्या नमाजानंतर त्याचा दोस्त अझीम खांद्यावर हात टाकून म्हणाला, “बायकोच्या दुकानात बसतोस म्हने आता? नशीबवान हायस!” नशीबवान! ज्या गावाच्या हातात आपण पंधरा वर्षं नाव दिलं, त्या गावाला आता आपलं नाव गटाराजवळ आठवतं आणि बायकोचं नाव चहाबरोबर. हे त्याला सहन होत नव्हतं. बायको चांगली आहे, घर तिच्यावर चाललंय, हे त्याला कळत होतं. कळून जळणं थांबत असतं तर जगात सगळे गारच राहिले असते.

मशीनचा आवाज सुरू झाला की त्याला चहात साखर कमी लागायची. हफिजा स्वयंपाकघरात गेली की तो तिची पिशवी घेऊन दोन्ही हातांनी ओढून बघायचा, शिवण उसवते का. उसवायची नाही. एकदा त्याने एका पिशवीत पाटा घातला आणि ती खुंटीला टांगून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पिशवी तशीच, खुंटी मात्र वाकलेली. त्याचा जास्तच संताप झाला.

“निदान नाव तरी टाकूया,” तो एकदा म्हणाला. “‘धनसे, महाड’. आपलंच हाय ना?”

“आत्ता नको,” हफिजा म्हणाली. “जरा थांबा.”

त्यातलं ‘नको’ तेवढं अब्बासने ऐकलं.

पुढच्या मार्चात चवदार तळ्यावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी व्हायची होती, सत्याग्रहाला ऐंशी वर्षं होत होती. त्याआधी बाजार प्लास्टिकमुक्त करायचं नगरपालिकेने मनावर घेतलं. दुकानदारांना कापडी पिशव्या वाटायचं ठरलं, आणि ते काम बघणारा रुचिर नावाचा तरुण अधिकारी हफिजाकडे ऑर्डर घेऊन आला. अब्बास तेव्हा मशिदीत होता. बातमी त्याला कळली ती येसूबाईकडून. घरचा मालक तो, आणि घरातली गोष्ट त्याला भाजीवाली सांगते! त्याने रागाने हफिजाला काही विचारलंच नाही. ती सांगेल म्हणून वाट बघत राहिला. तीही काही बोलली नाही.

पिशव्या शिवून झाल्या, गठ्ठे बांधून खोलीत रचून ठेवले, आणि हफिजा भाचीच्या लग्नाला पोलादपूरला गेली. घरात अब्बास आणि ते गठ्ठे. गठ्ठ्यांकडे बघत तो सकाळभर बसला. मग शिडी लावून माळ्यावर चढला आणि पुरातून वाचलेली छपाईची चौकट आणि रंगाचा डबा खाली काढला.

दिवसभर तो छापत होता. पिशवी पसरायची, चौकट ठेवायची, रंग ओढायचा. ‘धनसे, महाड’. ‘धनसे, महाड’. हात जुनी चाल विसरला नव्हता. पुरानंतर पहिल्यांदाच तो गुणगुणत होता. आता बघू कोण म्हणतं हफिजाभाभींची पिशवी!

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिर टेम्पो घेऊन आला. त्याने वरची पिशवी उचलली आणि त्याचा चेहराच उतरला. येसूबाई कोपऱ्यावरून उठून आली आणि वाकून बघून म्हणाली, “अगो बाय! गटारातला नाव परत हातात?”

“अब्बासभाई, हे काय केलंत?” रुचिर म्हणाला. “प्लास्टिक बंद करायच्या कार्यक्रमात मी ही पिशवी वाटू? लोक माझ्या तोंडावर हसतील.”

“पिशवी माझ्या घरातली, नाव माझं नको?”

“पण घाई कसली होती? उद्या माईकवर मी तुमचंच नाव घेणार होतो. भाभींची अटच होती तशी. म्हणाल्या, पिशव्या मी शिवून देते, पण नाव घ्यायचं ते माझ्या घरवाल्याचं. गावाने ते एकदा तरी चांगल्या कामात ऐकू दे.”

संध्याकाळपर्यंत कोऱ्या पिशव्या मिळाल्या नाहीत तर ऑर्डर रद्द, एवढं सांगून रुचिर रिकामा टेम्पो घेऊन गेला. अख्खी मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती, तीही हफिजाची.

दुपारच्या एसटीने हफिजा आली. तिने गठ्ठे पाहिले, नवऱ्याचे काळे हात पाहिले. विचारायला काही उरलं नव्हतं. ती खाली बसली, एक पिशवी घेतली, आत हात घालून तळ ओढला आणि पिशवी उलटी केली. नाव आत गेलं, शिवण बाहेर आली.

“पुसून जायचं नाय,” ती म्हणाली. “मग ऱ्हाऊ दे आत. शिवण दिसंल, तर दिसू दे.”

अब्बास तिच्यासमोर बसला आणि त्यानेही एक पिशवी उलटी केली. रंग पुरता वाळला नव्हता, दोघांच्या बोटांना लागत होता. मग त्याने विचारलं, “मला सांगितलं का नाय?”

“सांगितलं असतं, तर तुमी आदल्या दिवशीच गावभर सांगून आला असता.”

ते खरं होतं. तो पिशव्या उलटत राहिला, आपलं नाव आपल्याच हाताने आत ढकलत. संध्याकाळी त्या पिशव्या त्याने स्वतः हातगाडीवर घालून नेऊन दिल्या.

दुसऱ्या दिवशी बाजारात छोटा मांडव होता. शिवण बाहेर असलेली पिशवी लोकांना भलतीच पसंत पडली. शेजारची एक बाई तर म्हणाली, “हफिजानं नवीन तऱ्हा काढली बघ!” अब्बासने ओठ घट्ट मिटून घेतले. मग रुचिरने माईक हातात घेतला आणि या सगळ्या पिशव्या दिल्याबद्दल श्रीयुत अब्बास धनसे यांचे गावाच्या वतीने आभार मानले. टाळ्या पडल्या. अझीम वाजवत होता, पोस्टमन वाजवत होता. पुरापासून ज्या क्षणाची अब्बासने वाट पाहिली होती, तो हाच.

त्याची नजर बायकांच्या गर्दीत गेली. हफिजा तिथे उभी होती आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. तिची बोटं अजून काळी होती. चेहऱ्यावर ना राग होता, ना उपकार केल्याचा भाव, नुसता आनंद होता, जसं काही तिचंच नाव घेतलं होतं.

दोन वर्षं अब्बास तिच्या नावावर जळला होता. आता तो तिच्या टाळ्यांवर जळत होता. दुसऱ्याच्या नावासाठी तशी टाळी त्याला जन्मात कधी वाजवता आली नव्हती.