शब्दांखालून फिरणारं बोट

माझी मुलगी पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. आम्ही दिल्लीत, मयूर विहारमध्ये राहतो. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, म्हणून मराठी वाचन मी घरीच घ्यायचे. ऑफिसातून आले, चहा झाला की आम्ही दोघी सोफ्यावर समोरासमोर पुस्तक घेऊन बसायचो. बाजाराला निघालेल्या हत्तीची गोष्ट होती ती, तिची फार आवडती. ती शब्दांखालून बोट फिरवत खणखणीत वाचायची. कुठे अडखळणं नाही, चुकणं नाही. नांदेडला आईला व्हिडिओ कॉलवर मी ते कौतुकाने ऐकवलंही होतं.

एके संध्याकाळी दोन पानं एकमेकांना चिकटली होती. बहुतेक आमरस सांडला असावा. तिने पान उलटलं, ती दोन्ही एकदमच उलटली, आणि ती वाचतच राहिली. हत्ती नदीवर पोचला, पाणी प्यायला, नावाड्याशी बोलला. हे सगळं त्या चिकटलेल्या पानांच्या आत होतं. समोर उघडं होतं ते बाजाराचं पान. तिचं बोट बाजाराच्या शब्दांखालून पुढे सरकत होतं आणि तोंडातून नदी येत होती. डोळे पुस्तकावर नव्हतेच. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

हे मी आधी पाहिलेलं होतं.

माझा मोठा भाऊ असाच वाचायचा. आमचे वडील त्यांच्या घरातले पहिले शिकलेले, त्यामुळे आमच्याकडे वाचणं म्हणजे सर्वस्व होतं. दादा धडेच्या धडे पाठ म्हणायचा आणि सगळे त्याला हुशार समजायचे. चौथीत गुरुजींनी मधलंच एक पान उघडून दिलं आणि सगळं बाहेर आलं. त्यानंतर त्याने फार मार खाल्ला. पुढे शाळा सुटली, आणि एक दिवस तो घर सोडून गेला. वडील संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन बसायचे. तो परत आला खरा, पण आमच्यात मोकळेपणाने कधी बसला नाही. आता तो मानेसरच्या एका कारखान्यात आहे. कंपनीच्या बसची पाटी वाचत नाही, ड्रायव्हरचा चेहरा ओळखून चढतो.

त्या संध्याकाळी मी पुस्तक मिटलं आणि एका कागदावर ‘घर’ लिहून सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने कागदाकडे क्षणभर पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, ‘‘हत्ती?’’

तेव्हापासून भीती माझ्याबरोबर ऑफिसला येऊ लागली. मेट्रोत समोर कोणी मोबाइलवर वाचत बसलेलं दिसलं तरी मी नजर वळवायचे. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, लहान आहे यार, येईल हळूहळू. डोळे तपासून घेतले, ते ठीक निघाले. अडखळणाऱ्या मुलांसाठी शाळेत असलेल्या विशेष शिक्षिकेने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, आत्ताच काही सांगता येणार नाही. पण हे हत्तीचं पुस्तक तिच्यासाठी फार अवघड आहे. एका पानावर एकच ओळ, अक्षर मोठं, जोडाक्षर नाही, आणि चित्र बघून ओळ ओळखता येणार नाही, असं काहीतरी द्या.

शनिवारी मी करोल बागेत हिंडले. दुकानांत स्पर्धा परीक्षांच्या गाइडांचे ढीग, आणि मुलांसाठी म्हणून सोनेरी कव्हरची जाडजूड पुस्तकं. प्रत्येक पान मुंग्या लागल्यासारखं भरलेलं. ती पानं मुलीच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला आणि मलाच गुदमरायला झालं. शेवटी हिंदीतली थोडी पातळ पुस्तकं मिळाली. मराठीतली पुण्याच्या मैत्रिणीने कुरिअरने पाठवली.

ती पुस्तकं यायच्या आधीच्या रविवारी दादा आला होता. त्याला सांगायची मला भीती वाटत होती. स्वयंपाकघरात पोळ्या करता करता मी सांगून टाकलं. तो दाराला टेकून उभा होता.

मग म्हणाला, ‘‘तिला मारू नका.’’

‘‘कोण मारतंय, दादा?’’

‘‘ती तुझ्या तोंडाकडे बघते ना? मी गुरुजींच्या हाताकडे बघायचो. पुस्तकाकडे बघायला फुरसतच नव्हती.’’

मी गॅस बंद केला. आपल्या चेहऱ्यावर तिला काय दिसत असेल, ते माझं मलाच कळलं.

पातळ पुस्तकं आल्यावर मी समोर बसायचं सोडलं. आम्ही पालथ्या पडून वाचायला लागलो, खांद्याला खांदा लावून, म्हणजे तिला पुस्तकाशिवाय बघायला काही उरू नये. पहिले काही दिवस ती गप्पच असायची. मला वाटायचं, संपलं सगळं. एका पानावर नुसतं तळं होतं, बदक त्यात पोहत होतं, आणि खाली लिहिलं होतं, ‘बदक पळ’. चित्र बघून कोणीही ‘पोहतं’ म्हटलं असतं.

‘‘ब… द… क,’’ ती म्हणाली. मग ‘‘प…’’ आणि थांबली. बोट तिथेच दाबून धरलं. ‘‘मम्मा, हे दोन गोलवालं काय आहे?’’

हत्तीच्या गोष्टीत जागोजागी ‘ळ’ होता. तिने तो आज पहिल्यांदा पाहिला होता. मी सांगितलं. तिने म्हणून बघितला, तो ‘ल’च आला. तिने पुन्हा म्हटला, पुन्हा चुकला. माझे डोळे भरून आले, पण मी मान वळवली नाही.

आता ती दुसरीत आहे. वाचते, पण सावकाश, आणि दमते. पुढच्या वर्षी पुन्हा तपासू, असं शिक्षिका म्हणते. मोठ्याने वाचायचा तास असतो त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष घड्याळाकडे असतं, आणि फोन वाजला की शाळेचा तर नाही ना, हे मी आधी बघते.