कॅमेऱ्यात आत्या बरी दिसली पाहिजे

आमच्या घरात कुठलीही वस्तू एकट्याने विकत आणायची पद्धत नाही. त्यामुळे माझा पहिला कॅमेरा आत्याच्या चेहऱ्यावरून निवडला गेला.

मला फिल्म करायची होती. छोटीशी, पण खरी. आमच्या इंदूरच्या परदेशीपुऱ्यात बाबूलालजी राहतात, बंद पडलेल्या कापडगिरणीतले जुने कामगार. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या आहेत, की नुसता चेहरा दाखवला तरी गिरणीचा अख्खा इतिहास सांगून होईल. ही फिल्म नवशिक्यांच्या एका स्पर्धेत पाठवायची आणि निवड झाली, तर पलासियातल्या कोचिंग क्लासची नोकरी सोडून फिल्मचं शिक्षण घ्यायचं, असं बाबांकडून कबूल करून घेतलं होतं. (त्यांनी कबूल केलं, कारण निवड होणार नाही याची त्यांना खात्री होती.)

कित्येक आठवडे मी रिव्ह्यूचे व्हिडिओ पाहिले. सेन्सर, लेन्स, ऑटोफोकस, सगळं तोंडपाठ. बजेट मात्र असं, की ते ऐकून दुकानदाराने मागवलेला चहा परत पाठवावा. शेवटी एक सेकंडहँड कॅमेरा हेरला आणि निघाले, तर दारात बाबा चपला घालून तयार. त्यांच्या मागे त्यांची बहीण, कुसुमआत्या. ठेवणीतली साडी नेसून.

"आत्या, तू कशाला?"

"कोणाचा तरी फोटो काढून पाहशील ना? दादाचा काढून काय खाक समजणार?"

दुकानात मी हेरलेल्या कॅमेऱ्याने आत्याचा फोटो काढला. कॅमेरा उत्तम होता. आत्याने स्क्रीनवर पाहिलं आणि कॅमेरा लांब धरला.

"मनू, हा खराब आहे. डोळ्यांखाली बघ, कितना काळं आलंय."

"लेन्सवर डाग असेल," बाबा म्हणाले.

"डाग नाहीये, बाबा. ते खरंच तसं आहे."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. पुढच्या दुकानापर्यंत आत्या माझ्याशी बोलली नाही. तिथल्या कॅमेऱ्यात तिचे गाल फुगले. त्याच्या पुढच्या दुकानात मानेचं काहीतरी बिनसलं. मी सेन्सरविषयी तावातावाने बोलत होते आणि बाबा दुकानदाराला सांगत होते, "भिया, कोई अच्छा वाला दिखाओ ना, जिसमें शकल ठीक आए."

हा दुकानदार पोचलेला होता. त्याने एक छोटा नवा कॅमेरा काढला, बोटाने काहीतरी दाबलं आणि फोटो काढला. "अब देखो, मैडमजी."

स्क्रीनवर आत्या स्वतःच्या सुनेसारखी दिसत होती.

"हा बरोबर आहे," आत्या म्हणाली. "याला म्हणतात कॅमेरा."

"अगं, पण मायक्रोफोन लावायला..."

"मायक्रोफोन राहू दे गं. रिझल्ट बघ ना."

बाबांनी पाकीट काढलं. सगळ्यात संतापजनक गोष्ट म्हणजे कॅमेरा माझ्या बजेटात बसत होता, म्हणून मीही गप्प बसले.

बाबूलालजींचं शूटिंग झकास झालं. उन्हात त्या एवढ्याशा स्क्रीनवर मला काही नीट दिसत नव्हतं, पण माझा स्वतःच्या नजरेवर विश्वास होता. फिल्म पाठवायच्या शेवटच्या दिवशी सगळं कॉम्प्युटरवर उघडलं आणि मी हाय खाल्ली. बाबूलालजींच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती नव्हती! गाल गुळगुळीत, कपाळ तुळतुळीत. दुकानदाराने आत्यासाठी लावलेला ब्यूटी मोड तसाच चालू होता, आणि ज्या बाईला सेन्सरची मापं तोंडपाठ, तिने मेनू एकदाही उघडून पाहिला नव्हता.

बाबूलालजींना दाखवलं, तर ते खूश. "बिटिया, मैं तो दूल्हा लग रिया हूँ. येई भेज दे."

पुन्हा शूटिंग करायला वेळ नव्हता. पाठवली. परीक्षकांचं उत्तर आलं: विषय चांगला आहे, पण वृद्ध कामगाराच्या भूमिकेसाठी इतका तरुण नट का घेतला?

नट म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. नोकरी अर्थातच तशीच चालू राहिली. त्यात आत्याने दुकानात काढलेला तिचा तो फोटो छत्रीबागेतल्या तिच्या सगळ्या मैत्रिणींना पाठवला, आणि लग्नाची मुलंमुली बायोडेटाच्या फोटोसाठी माझ्या दारात येऊ लागली. मी तो मोड बंद केला आणि प्रत्येकाला ऐकवलं, की मी फिल्ममेकर आहे, माणूस असेल तसाच दाखवते. दोन मुली रडत गेल्या. मी बधले नाही.

मागच्या रविवारी आत्याने मलाच खुर्चीत बसवलं. माझ्यासाठी इंदूरमधलंच एक स्थळ आलंय, मुलगा पुण्याहून इकडे नोकरीला आलेला.

"हल नको. काढते फोटो," कॅमेरा डोळ्याला लावत आत्या म्हणाली.

"थांब जरा," मी म्हणाले. कॅमेरा तिच्याकडून घेतला, मेनू उघडला, ब्यूटी मोड शेवटच्या टोकापर्यंत नेला आणि कॅमेरा परत तिच्या हातात दिला.