सेंट्रिफ्यूजचं उद्घाटन

"मॅडम, ती नळी ठेवा बाजूला. आधी शाल घ्या," गावच्या शाळेचे गुरुजी माइकवरून म्हणाले.

माझ्या हातात माकडिणीचं रक्त होतं. मंचरपासून अर्ध्या तासावरच्या गावाचा ग्रामपंचायत हॉल, बाहेर दुपारचं ऊन, लाईट गेलेली. आमच्या पशुवैद्यांनी सकाळी मळ्यात एका मादीला भूल देऊन रक्त काढलं होतं. ती शुद्धीवर येऊन टोळीत परतलीही होती. वनखात्याची परवानगी त्याच दिवशी संपत होती. हे रक्त वाया गेलं असतं, तर माझं तीन वर्षांचं काम मातीत गेलं असतं.

मी इम्युनॉलॉजिस्ट. सोप्या भाषेत सांगते. शरीरात जंतू शिरला की अँटिबॉडी त्याला चिकटते. तिची शेपटी मोकळी राहते. ती शेपटी पकडणारे रेणू रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या अंगावर असतात, त्यांना एफसी रिसेप्टर म्हणतात. शेपटी पकडली की पेशी जंतूचा समाचार घेते. माकडांचे रिसेप्टर आपल्यासारखेच, पण अगदी तस्से नाहीत. नवी औषधं बऱ्याचदा आधी माकडांवर तपासतात, म्हणून हा फरक कळायला हवा. त्यासाठी पेशी जिवंत हव्यात. आमच्या पद्धतीत चार तासांच्या आत रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रात, घालावं लागतं. अडीच तास उलटले होते आणि आमच्या गाडीची बॅटरी बसली होती.

सरपंच सुनंदाताईंनी पंचायतीचा इन्व्हर्टर लगेच देऊ केला. "तुमचाच समजा. पण पावणं आल्याआल्या कामाला जुंपले, तर गावाला बरं दिसंल का?"

अडचण अशी की माइकही त्याच इन्व्हर्टरवर होता. मी सेंट्रिफ्यूज लावून पाहिला. दोन्ही बंद पडले.

"लोड घेत नाय मॅडम," वायरमन म्हणाला. "येक तर माइक, न्हाईतर मशीन."

गावानं माइक निवडला. तेवढ्यात पुण्याहून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, सरांचा, फोन आला.

"स्पिन सुरू झाला?"

"नाही सर. सत्कार सुरू आहे."

"कोणाचा?"

"वनरक्षकांचा झाला, डॉक्टरांचा झाला, ड्रायव्हरचा झाला. माझा पाचवा नंबर."

"चौथा कोण?"

"माकडीण. तिच्या गैरहजेरीत."

सरांनी फोन ठेवला. मला रडू येत होतं आणि रागही तेवढाच येत होता. हातापाया पडून झालं होतं. "पाच मिनटं हो," एवढंच उत्तर मिळत होतं. यादीत अजून तीन भाषणं होती.

शाल गळ्यात पडली, नारळ हातात आला आणि गुरुजींनी मनोगतासाठी माइक दिला. समोर हारांचं ताट होतं, त्यात कुंकू होतं. एकदम डोक्यात प्रकाश पडला.

"ग्रामस्थहो," मी म्हणाले, "असं यंत्र या हॉलमध्ये पहिल्यांदाच आलंय. ते सरपंचताईंच्या शुभहस्ते सुरू व्हावं, अशी माझी विनंती आहे."

हॉल सरसावून बसला. तिन्ही वक्ते आपणहून मागे सरले.

"आन् आधी सांगायचं न्हाई व्हय!" सुनंदाताई पदर सावरत उठल्या. "गुरुजी, माइक बंद करा. उद्घाटन हाय."

सेंट्रिफ्यूजला हार घातला, तो मी लगेच झाकणावरून बाजूला घेतला. कुंकू लागलं, नारळ फुटला. मी रक्ताच्या नळ्या आत ठेवल्या आणि ताईंनी बटण दाबलं. यंत्र घुमायला लागलं, टाळ्या पडल्या.

"आता अर्धा तास याला हलवायचं नाही," मी बजावलं.

कुणीच हललं नाही. अख्खं गाव अर्धा तास त्या पांढऱ्या डब्याकडे बघत बसलं. गुरुजींनी आभारप्रदर्शन कुजबुजत केलं. एका आजोबांनी हळूच विचारलं, "बाई, ह्ये भाषण कवा करनार?"

यंत्र थांबलं. झाकण उघडलं तर नळीत थर अगदी स्वच्छ उतरले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, पेशी जिवंत होत्या. मी सुनंदाताईंना सगळ्यांसमोर मिठी मारली. पुढे प्रयोगशाळेत दिसलं, की त्यांतल्या एका रिसेप्टरची माणसाच्या अँटिबॉडीवरची पकड बरीच ढिली आहे. शोधायचं होतं ते हेच.

आमच्या लेखी कार्यपद्धतीत मी तेव्हापासून एक ओळ वाढवली आहे. गावात यंत्र नुसतं सुरू करू नये, त्याचं उद्घाटन करावं. सरांनी ती खोडली नाही. फक्त समोर लिहिलं, "नारळाचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा?"