टचअप न करता

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, घरं रंगवतात. दिवसभर पुट्टीत लोळणारा हा माणूस बाहेर पडताना मात्र असा चकाचक, की नवरदेवानं लाजावं. ताई म्हणते, "आरसा माझ्या वाट्याला येतच नाही."

त्यांच्या कमरेवर फिकट चट्टे दिसले तेव्हा आम्हाला ते रंगाचेच डाग वाटले. भावजींनी टर्पेंटाइननं घासघास घासले. मग कुणी कोड म्हणालं, कुणी नायटा. दुकानातून आणलेल्या मलमानं चट्टे दबायचे, मलम थांबलं की पुन्हा हजर.

त्वचेच्या डॉक्टरबाईंना मात्र शंका आली. कोडाला सहसा खाज नसते, कोंडाही सुटत नाही, म्हणाल्या. मलमानं खरा रोग झाकला जातो म्हणून ते बंद करायला लावून त्यांनी कातडीचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. धड काही कळेना. पुन्हा तुकडा, पुन्हा तेच. ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

पुढच्या तपासणीच्या आधी मी तिच्याकडे राहायला गेले. पाहते तर भावजी बाथरूमच्या दाराआड मलम चोळताहेत!

"अहो, हे काय?"

"बाईंसमोर असं डागाळलेलं अंग घेऊन कसं जायचं?"

प्रत्येक वेळी आठवडाभर आधीपासून हा टचअप चालला होता. माझं डोकंच फिरलं. "ओल आलेल्या भिंतीवर कुणी नुसता रंग फासला, तर तुम्ही त्याचा उद्धार करता ना?" ताईनं ट्यूब कचऱ्यात भिरकावली आणि तपासणी पुढे ढकलली.

या खेपेला उत्तर आलं. "कॅन्सर आहे," असं ऐकताच ताईनं भावजींचा हात घट्ट धरला.

"अहो, पुढचं ऐका," बाई घाईनं म्हणाल्या. "पांढऱ्या पेशींचा आहे, पण फक्त कातडीत आहे, आणि अगदी संथ. फिकट चट्ट्यांचा हा प्रकार विरळा, म्हणून चकवतो. पण यातले पेशंट बहुतेक चांगले राहतात. प्रकाशाचे उपचार करू." मला तर बाईंना मिठी मारावीशी वाटली.

मग भावजी महिनोन्‌महिने दवाखान्यातल्या दिव्यांच्या कपाटात जाऊन उभे राहिले. परवा बाईंनी त्यांची कंबर भिंग लावून तपासली. एकही चट्टा सापडेना. त्यांनी भावजींकडे संशयानं पाहिलं.

"खरं सांगा, काही लावून आलात?"

भावजींनी दोन्ही हात वर केले. "नाही हो बाई, शपथ!"

"नाही लावलं," ताई म्हणाली, आणि तिथेच ढसाढसा रडायला लागली.