दुकान वाढवायचं म्हणते

नारायणगावच्या ज्या रस्त्यावर आज गाडी लावायला जागा मिळत नाही, तिथं मी लग्न होऊन आले तेव्हा एक पिठाची गिरणी, एक सायकलवाला आणि आमचं बांगड्यांचं दुकान, एवढंच होतं. बस्ता बांधायला लोक पुण्याला जायचे, पण नवरीला चुडा भरायला वारूळवाडीपासून आळ्यापर्यंतच्या बायका आमच्याकडेच यायच्या. लग्नघरच्या बायका इथं जमतात हे हेरून समोर पहिलं साड्यांचं दुकान आलं. मग सोनार आला, मग चपलांचं दुकान, मग मोबाइलवाले. गिरणी जाऊन तिथं काचेची इमारत उभी राहिली. टोमॅटोचा पैसा हातात आला की माणसं थेट आमच्या रस्त्यावर. मला बाई अभिमान वाटायचा, हे सगळं आपल्या बांगड्यांमुळे गोळा झालंय म्हणून. खुळीच मी!

नवरा अर्धांगानं अंथरुणाला खिळला, तेव्हापासून दुकान मी एकटी चालवत होते. घर दुकानावरच चालायचं. शेजारचा गाळा रिकामा झाला तेव्हा वाटलं, तोही घ्यावा. दोन्ही गाळ्यांचे मालक कळंबचे, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते चहाला टेकले तेव्हा मी भीत भीत म्हणाले, "अण्णा, दिवाळीनंतर दुकान वाढवायचं म्हणते."

आता आमच्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. दुकान बंद केलं असं तर तोंडातून काढायचंच नाही. दुकान वाढवलं म्हणायचं. जन्मभर हेच बोलत आले, आणि नेमकं त्या दिवशी मला भान राहिलं नाही. अण्णांनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. "लई वर्सं केलीत ताई," ते म्हणाले, "आता जिवाला आराम द्या." मला वाटलं, पसारा वाढणार तर हाताखाली माणूस ठेवा म्हणतायत. मी हसून मान हलवली.

दिवाळी झाली आणि साड्यांच्या एका शोरूमचा मॅनेजर टेप घेऊन माझ्या दुकानाचं माप घ्यायला आला. मी तशीच कळंबला धावले. अण्णा कावरेबावरे झाले. "तुमीच म्हनला व्हता ना, वाढवायचं! मी शब्द देऊन बसलो. पोरानं दोन्ही गाळ्यांचा करार बी केला. आता मागं न्हाई फिरता येत." मी पाया पडले, रडले. अण्णाही रडले, पण शब्द काही फिरवला नाही.

मग अख्खा रस्ता पालथा घातला. एखाद्या जिन्याखालची जागा तरी मिळेल म्हणून दारोदार विचारलं. भाडं ऐकूनच मी मागं फिरायची. आत गल्लीत बसले तर तिथं कोण येणार? दुसरं कुठलं काम मला येत नाही. घरी नवरा डोळ्यांनीच विचारायचा, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळायची. जीव नकोसा झाला होता.

शेवटी त्याच मॅनेजरकडे गेले. म्हटलं, दारात एक कोपरा द्या, तुमच्याकडे येणाऱ्या नवरी मुलींना चुडा भरेन. माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "मावशी, बांगड्यांचं काउंटर आमीच टाकतोय वरती. बॉक्समधी येत्यात, ज्याच्या त्यानं घालायच्या." मग जरा थांबून म्हणाला, "झाडलोटीला बाई पायजे. येता का?"

मी विचारलं, कधीपासून येऊ.