सायलीच्या हातात मोबाइल नव्हता

मंजुळाबाई मूळच्या परभणी जिल्ह्यातल्या. नवऱ्याच्या, उद्धवरावांच्या मागोमाग चाकणला आल्या तेव्हा पोरं लहान होती. आता थोरल्याचं लग्न होऊन तो तळेगाव दाभाड्याला वेगळा राहतो. या कारखान्यांच्या पट्ट्यात बाईंनी काय नाही केलं? कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटल्या, पॅकिंगला बसल्या, एका कंपनीत तर नुसते बोल्ट निवडले. काम कुठलंही असो, एक हेका कायम. चुकीचं दिसलं की गप्प बसायचं नाही.

पॅकिंगच्या जागी बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं दार धरून उभं राहायचं, असं कित्येक महिने चाललेलं. मंजुळाबाई लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराच्या टेबलापुढे जाऊन बसल्या. "कडी लागली की उठते," म्हणाल्या. जेवणाच्या सुट्टीआधी कडी लागली. पुढे ठेकेदारानं त्यांनाच काढून टाकलं, ते वेगळं.

"तुझ्या तोंडापायी आपण कुठं टिकायचो नाही," उद्धवराव कपाळाला हात लावून म्हणाले.

"देवानं तोंड नुसतं जेवायला दिलंय का?" बाई म्हणाल्या आणि दुसरं काम शोधायला निघाल्या.

ते काम मिळालं सुजितच्या शेडमध्ये. सुजित तिशीतला, स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला मालक. गोड बोलायचा, सगळ्यांना दादा, मावशी म्हणायचा. गाड्यांचे लहान लोखंडी भाग त्याच्याकडे रंगवायला येत. रंग देण्याआधी त्यांच्यावरचं तेल आणि ग्रीस थिनरनं पुसून काढायचं, हे बायकांचं काम. मागच्या भिंतीला लागून थिनरचे ड्रम उभे होते. तोटीखाली प्लास्टिकची बादली धरायची, भरायची आणि टेबलापाशी आणून ठेवायची. उरलंसुरलं मळकं थिनर मोरीत ओतून द्यायचं. भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात टाकायच्या. पंख्यानं रंगावर धूळ बसते म्हणून पंखा बंद. दुपार होईतो डोकं ठणकायला लागे, जेवणावरची वासना जाई. जुन्या बायका म्हणायच्या, होते सवय.

त्या जुन्यांत सायली होती. पंचविशीची, हसरी, हाताला फार चपळ. मंजुळाबाईंना काम तिनंच शिकवलं. जानेवारीतल्या एका दुपारी सायली नेहमीसारखी बादली भरायला गेली. हवा इतकी कोरडी की ओठ फुटत होते. तोटी सुरू होती, बादली अर्धी झाली होती आणि फट्‌ असा बारीक आवाज आला. मंजुळाबाईंनी मान वळवली तर बादलीच्या तोंडावर निळसर जाळ उभा होता आणि सायलीची बाही पेटलेली होती.

बाई धावल्या. खाली अंथरलेलं गोणपाट उचलून त्यांनी सायलीच्या हाताभोवती घट्ट गुंडाळलं आणि तिला ओढत दाराबाहेर नेलं. कुणीतरी पाण्याचा पाइप घेऊन आलं, तेव्हा धनेश ओरडला, "पाणी नको, आग पसरेल!" धनेश म्हणजे शेडमधला इंजिनिअर, मालाची तपासणी करणारा. त्यानं तोटी बंद केली, भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढून पावडर मारली. आग विझली. ड्रम पेटले नाहीत, हे नशीब. सायलीचा उजवा हात मात्र कोपरापर्यंत भाजला. बाहेरच्या नळाखाली मंजुळाबाई तो हात धरून बसल्या, रिक्षा येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजितनं सगळ्या बायकांना जमवलं. चेहरा उतरलेला होता, आवाज नेहमीसारखा मऊ.

"सायलीचा दवाखाना मी बघतोय, काळजी करू नका. पण एक ध्यानात ठेवा. आपण ज्या कंपनीचा माल रंगवतो, त्यांची माणसं चौकशीला येणार आहेत. त्यांनी विचारलं तर सांगायचं, सायलीच्या हातात मोबाइल होता. बोलता बोलता भरत होती, त्यातून ठिणगी पडली. नाहीतर काम जाईल आणि सगळ्यांच्या पोटावर पाय येईल."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"तिचा मोबाइल माझ्याच पिशवीत होता," मंजुळाबाई म्हणाल्या. "काल दवाखान्यात तिच्या नवऱ्याच्या हातात मीच दिला."

"मावशी, तुम्हाला समजत नाहीये."

"समजायलंय मला. भाजली ती आणि दोषही तिचाच म्हणायलात तुम्ही. हे माझ्या तोंडून निघायचं नाही."

सुजितनं बाकीच्यांना कामाला जायची खूण केली. मग म्हणाला, "तुम्ही चार दिवस घरी आराम करा. मी बोलावतो तुम्हाला."

आराम म्हणजे काय, ते बाईंना नव्यानं शिकायचं नव्हतं. पिशवी उचलून त्या बाहेर पडल्या. फाटकापाशी धनेशनं त्यांना गाठलं. तो अवघडून उभा होता.

"मावशी, मोबाइल नव्हता, मला माहीत आहे. प्लास्टिकच्या बादलीत थिनर पडत राहिलं की त्यात वीज साठते. केसांत कंगवा फिरवल्यावर कसं चटचट होतं, तसं. कोरड्या हवेत जास्तच. बादली लोखंडाची हवी, ती तारेनं ड्रमला जोडायची आणि ड्रमची तार जमिनीत गाडायची. म्हणजे ठिणगी पडत नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दोनदा सांगितलं मी सरांना. पुढच्या महिन्यात करू, म्हणाले."

"मग त्या माणसांपुढं सांगा की."

धनेशनं नकारार्थी मान हलवली. "नोकरी जाईल हो माझी."

"माझी गेलीच आहे आत्ता," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांना त्याचा राग आला होता आणि कीवही. मग त्यांनी एकच विचारलं, "अन् ते मोरीत ओततो आपण, त्याचं काय होतं?"

"त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. लांब कुठे विस्तव असला तरी ती तिथून पेट घेते आणि जाळ मागे ड्रमपर्यंत येतो."

ती मोरी मागच्या भिंतीखालून पलीकडे निघत होती. आणि पलीकडे घर होतं सोपानरावांचं. शेडची जागा त्यांची, भाडंही त्यांनाच. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच शेतकरी. आता शेताच्या जागी शेड होती. मंजुळाबाई घरी गेल्याच नाहीत. वळसा घालून सरळ त्यांच्या अंगणात गेल्या.

सोपानराव खाटेवर बसले होते. भिंतीच्या कडेला तांब्याचा बंब धुमसत होता. मोरीचं तोंड त्या बंबापासून चार हातांवर.

"दादा, हा बंब रोज इथंच पेटवता?"

"व्हय. का वं?"

"या मोरीला वास येतो का कधी?"

"येतो की. डोकं दुखतं आमच्या म्हातारीचं. कडीपत्त्याचं झाड जळालं बघा हितलं. सुजितला इचारलं, तर म्हनला साबनाचं पानी हाय."

"साबण नाही दादा, थिनर आहे. कालची आग त्याचीच. ड्रम तुमच्या या भिंतीला टेकून उभे आहेत."

सोपानराव उठले. भिंतीवर हात फिरवून बघितला. मग बंबापाशी गेले आणि त्यातली जळती लाकडं ओढून मातीत विझवली.

"शेड भाड्यानं दिलीया मी," ते म्हणाले. "घर जाळायला न्हाई दिली."

कंपनीची माणसं आली त्या दिवशी दोघंही फाटकाशी हजर. सुजित धावत पुढे आला. "मावशी, तुम्ही कशाला? सोपानकाका, आपण नंतर बोलू ना."

"नंतर न्हाई. आत्ता," सोपानराव म्हणाले. "जागा माझी हाय. ही बाई माझ्यासंगं आत येतीया."

आत दोन माणसं होती, एक पुरुष आणि एक बाई. त्या कंपनीच्या बाईंनी विचारलं, की भरताना मुलीच्या हातात फोन होता, असं आम्हाला कळलंय, बरोबर? बायका टेबलांमागे मान खाली घालून उभ्या. मंजुळाबाई पुढे झाल्या.

"नव्हता. एका हातात तोटी होती, दुसऱ्या हातात बादली. तिसरा हात तिला नाही. ती बादली तिथं पडलीय, वितळलेली. बघा."

"मावशी भडकल्यात, मॅडम," सुजित म्हणाला. "त्यांना यातलं काही कळत नाही."

"मला कळतं," धनेश म्हणाला. तो पांढराफटक पडला होता. पण एकदा तोंड उघडल्यावर थांबला नाही. बादली, तार, बंद पंखा, चिंध्या, मोरी, सगळं बोलला.

काम त्याच दिवशी थांबलं. शेड नीट झाल्याशिवाय माल पाठवणार नाही, असं कंपनीनं कळवलं. आणि मग बाईंच्या वाट्याला आलं ते त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. बायकाच त्यांच्यावर उखडल्या. बाजारात भेटल्या की तोंड फिरवायच्या. एकीनं तर तोंडावर म्हटलं, "तुझ्या खरेपणानं आमच्या चुली विझल्या."

"माझीही विझलीय," मंजुळाबाई म्हणाल्या. "पण तुझे हात शाबूत आहेत ना? मग भांड खुशाल."

घरी आल्यावर मात्र त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. उद्धवरावांनी चहा करून पुढे ठेवला. आणि स्वतः त्यांच्या उशाशी बसले.

होळीच्या सुमारास शेड पुन्हा सुरू झाली. ड्रम बाहेर सावलीत, जाळीच्या खोलीत गेले. लोखंडी डबे आले, तारा आल्या, जमिनीलगत हवा ओढणारे पंखे लागले. चिंध्यांना झाकणाचा डबा मिळाला, मोरी सिमेंटनं बुजली. हे सगळं धनेशनं उभं राहून करून घेतलं; त्याची नोकरी टिकली. सुजितला मंजुळाबाईंना परत घ्यायचं नव्हतं. पण बाईंना घेतलंस तरच भाडेपट्टा पुढे वाढवीन, असं सोपानरावांनी सुनावलं, आणि बाईंनाही बोलावणं आलं. तेव्हापासून तो त्यांना मावशी म्हणत नाही, मंजुळाबाई म्हणतो. त्यांना तेच बरं वाटतं.

सायली उन्हाळ्यात आली. हाताची कातडी ओढली गेलीय, दोन बोटं पुरती मिटत नाहीत. तिला माल मोजायला बसवलं. पहिल्या दिवशी तिनं मंजुळाबाईंना विचारलं, "तुम्ही होय म्हणाल्या असतात, तर काय बिघडलं असतं? मी तर दवाखान्यातच होते."

"तू जन्मभर स्वतःलाच दोष देत बसली असतीस," बाई म्हणाल्या. सायलीला रडू आलं. बाईंनी तिला रडू दिलं.

आता त्याच गल्लीतल्या दुसऱ्या शेडच्या बायका मंजुळाबाईंना बोलवायला लागल्यात. आमच्याकडेही प्लास्टिकच्याच बादल्या आहेत, म्हणतात. सुजितनं एकदा बजावलं, दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसू नका, उद्या माझ्याकडे तक्रार येईल.

"येऊ द्या," मंजुळाबाई म्हणाल्या. आणि सुट्टीच्या दिवशी, धनेशला सोबत घेऊन, त्या बायकांकडे गेल्या.